ब्रेकवरचा पाय

आमचे जावई गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर शेजारच्या सीटवर बसायचं, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि आपल्या पायाखाली एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक सांभाळायचा, हे त्यांचं काम. शिकणारे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून सगळी गल्ली मास्तर म्हणते, आणि आता मीही तेच म्हणते.

आयुष्यभर लोकांना थांबवत आल्यामुळे मास्तरांचा उजवा पाय आता त्यांना न विचारता काम करतो. टीव्हीत कुणी जिन्यावरून धडधडत खाली आलं की सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचा पाय जमिनीवर दाबला जातो. गॅसवरचं दूध वर येताना दिसलं तरी दाबला जातो. दूध थांबत नाही, पण मास्तर आपल्याकडून कसर ठेवत नाहीत. मी बोलायला लागले की कधी कधी तो पाय हळूच दाबला जातो, हेही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. मी त्यावर कधी काही बोलले नाही. जावई आहेत.

ते आमच्या घरात आले ते ह्यांच्यामुळे. निवृत्त झाल्यावर ह्यांनी गाडी शिकायचं डोक्यात घेतलं आणि परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले. दर वेळी गाडी मागे घेताना खुणेला मांडलेले ड्रम पाडायचे. मास्तर हैराण झाले होते. एवढं समजावूनही हा माणूस नेमका ड्रमवरच का जातो, हे त्यांना कळेना. एक दिवस आमची लेक मास्तर शिकवतात त्या ग्राउंडवर गेली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. तिने पर्समधून एक डबी काढली आणि म्हणाली, "बाबा, चष्मा घालून चालवलीत तर ड्रम दिसेल."

हे चष्म्यात म्हातारे दिसतात, म्हणून घालत नव्हते. मास्तरांनी आधी चष्म्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि मग लेकीकडे बराच वेळ. पुढच्या परीक्षेत ह्यांना लायसन मिळालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तरांना बायको.

संसार छान चालला होता. छान म्हणजे बसून. मास्तर कामावर बसून, लेक स्टुलावर बसून, आणि संध्याकाळी दोघं सोफ्यावर बसून. कुणी म्हणालं, "चल, जरा फिरून येऊ," की दुसरं म्हणे, "आज नको," आणि पहिलं सुटकेचा श्वास टाकून म्हणे, "मीही तेच म्हणणार होतो." इतकं एकमत मी दुसऱ्या कुठल्याही नवराबायकोत पाहिलं नाही. ती दोघं आमच्याच इमारतीत वर राहतात. एकदा लिफ्ट बिघडली, तर दोघं वॉचमनच्या बाकावर बसून राहिली. दुपारची संध्याकाळ झाली. मी गॅलरीतून हाक मारली, "अगं, जिना आहे ना." लेक वर बघून म्हणाली, "आई, वॉचमन म्हणतोय मेकॅनिक निघालाय." आणि मास्तर म्हणाले, "घाई नाही, आई. हळूच होऊ दे."

लेकीला दिवस गेले तेव्हा मला आनंद झाला आणि पाठोपाठ काळजी. मला काळजी करायला कारण लागत नाही. कारण मिळालं की मी नुसती बहरते. ती जिन्याने चढली तर मला धडकी, लिफ्टने गेली तर लिफ्ट अडकण्याची धडकी. तिने पडून राहावं, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि पडून राहण्यात आमच्या लेकीचा हात कुणी धरला नसता.

पण सहाव्या महिन्यात तिची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरबाईंनी गोड बंद केलं, जेवण आखून दिलं आणि म्हणाल्या, "रोज संध्याकाळी चालायचं. रमतगमत नाही, नीट. पुढच्या वेळी साखर उतरली नसेल तर इंजेक्शनं सुरू करू. ती घरी स्वतःची स्वतः घ्यावी लागतात."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. ही मुलगी सुईला इतकी घाबरते, की शिवणाच्या डब्यातही आधी झाकणावरून हात फिरवते. शाळेत लस टोचायला आले तेव्हा तिच्या पुढची मुलगी टोचून घेत होती आणि ही चक्कर येऊन पडली होती.

"मी चालेन," ती म्हणाली. मग मास्तरांकडे बोट करून, "पण हा चालणार असेल तरच."

"उत्तम," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोघं चाला. एकटं माणूस आठवड्यात कंटाळतं."

"बाई, तिने एवढं चालणं बरं का?" मी विचारलं.

"तुम्ही काळजी करा," त्या म्हणाल्या. "ती चालेल. कामं वाटून घ्या."

मास्तरांचा उजवा पाय टेबलाखाली दाबला गेला होता. मी पाहिलं.

ठरलं असं, की शेवटचा विद्यार्थी गेला की लेकीने ग्राउंडवर जायचं आणि दोघांनी तिथेच चालायचं. पाण्याच्या टाकीमागचं ते ग्राउंड सपाट आहे. ड्रम मांडून आठचा आकडा केलेला आहे, पांढऱ्या पट्ट्या आखलेल्या आहेत आणि एका कडेला चढावर गाडी थांबवायला शिकवतात तो सिमेंटचा उंचवटा आहे. दोन-तीन दिवस मी घरी कशीबशी काढली. मग पाण्याची बाटली, छत्री, नॅपकिन आणि घडीची खुर्ची घेऊन बघायला गेले.

लेक आठच्या आकड्यावरून चालत होती. तिच्या शेजारून, तिच्याच वेगाने, डोक्यावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी मिरवत मास्तरांची गाडी चालली होती. मास्तर आज स्टिअरिंगवर होते. कोपर खिडकीतून बाहेर, मान लेकीकडे.

"हं, छान. आता उजवीकडे. ड्रम बघ. घाई नाही," ते म्हणत होते.

मी हात करून गाडी थांबवली. "मास्तर, डॉक्टरबाईंनी दोघांना चालायला सांगितलंय."

"चालतोय ना, आई. तिच्या बरोबरच आहे. एक पाऊल पुढे नाही, एक मागे नाही."

"पण तुम्ही गाडीत आहात."

"काही झालं तर गाडी हाताशी हवी, आई. समजा तिला चक्कर आली. मी पायी असलो तर काय करणार? मलाही येईल."

आता खरं सांगायचं तर हे मला पटलं. चक्कर, पाय मुरगळणं, अचानक कळा, कुत्रं मागे लागणं, मी मनात जे जे रचून आले होते त्या सगळ्यावर चार चाकांचा उपाय माझ्यासमोर सुरू अवस्थेत उभा होता. मी मागचं दार उघडलं आणि बसले. घडीची खुर्ची शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मागची सीट माझीच झाली. लेक चालायची, आम्ही दोघं तिच्याबरोबर. मी मधूनमधून खिडकीतून पाणी द्यायचे.

फक्त एक गोष्ट होती. दिवसातून शंभरदा मास्तर ज्या एका चुकीवरून शिकाऊ लोकांना बोलतात ती म्हणजे अर्धा क्लच. गाडी माणसाच्या चालीने न्यायची म्हणजे क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागतो, आणि तसा तो सतत दाबला की आतली प्लेट घासून जळते. "पाय क्लचवरून काढा" हे वाक्य आमच्या घरात जेवतानाही ऐकू येतं. लेकीला तर ते पाठच आहे. पण स्वतःच्या बायकोच्या शेजारून चालताना मास्तरांना ते काही आठवलं नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा वर केला. "साखर जरा हलली आहे, पण पुरेशी नाही. चालता ना?"

"रोज," मास्तर म्हणाले. "ग्राउंडवर. दोघंही."

"साधारण किती?"

मास्तर खोटं बोलत नाहीत. हा गुण मी लग्नाच्या वेळी फार वाखाणला होता. ते म्हणाले, "काल मीटर बघायचा राहिला. पण टाकी भरली त्यावरून अंदाजाने सांगतो."

लेक छताकडे बघायला लागली. मी पर्समध्ये रुमाल शोधला.

"टाकी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. मागची सीटही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मास्तरांना अगदी शांतपणे विचारलं, "गाडीला कितवा महिना आहे?"

मास्तरांनी मान खाली घातली. बाईंनी आणखी दोन आठवडे दिले. तेवढ्यात उतरली तर ठीक, नाहीतर सुई. आणि चाल वाढवा, म्हणाल्या. ही ड्रमभोवती कुणाची तरी वाट बघत फिरल्यासारखी चालत असणार.

घरी येताना लेक गाडीत खिडकीबाहेर बघत बसली. खाली उतरल्यावर म्हणाली, "मी चालते आणि तुम्ही दोघं फिरता."

"अगं, तुझ्यासाठीच," मास्तर म्हणाले.

"एकटीला कंटाळा येतो."

"एकटी कुठे? मी आहे, आई आहेत, गाडी आहे."

"गाडीच आहे," ती म्हणाली आणि लिफ्टने वर गेली. आम्ही खालीच राहिलो. लिफ्टमध्ये जागा होती, पण आत शिरायची आमची छाती झाली नाही.

चार दिवस ती चाललीच नाही. कामावरून यायची आणि पडून राहायची. मी पडून राहा म्हणत असे तेव्हाचं पडणं आणि हे पडणं वेगळं होतं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाची साखर उतरत नाही, एवढं मलाही कळतं. मास्तर दारात उभे राहून म्हणत, "चल ना. आज गाडी आणखी हळू घेतो." ती पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. आधी दोघांचं "आज नको" मिळून यायचं. आता एक "चल" म्हणत होता आणि एक "नको," आणि घरात कुणाला बसवेना.

पाचव्या दिवशी ती आपण होऊन उठली. "चला," म्हणाली. "गाडी काढ." मास्तरांना वाटलं राग गेला. मलाही तसंच वाटलं. मी मागे बसले.

ती त्या दिवशी आठच्या आकड्याकडे वळलीच नाही. सरळ सिमेंटच्या चढाकडे गेली आणि चढायला लागली. सावकाश. मग आणखी सावकाश. मग मध्यावर जाऊन उभी राहिली आणि टाकीकडे बघायला लागली. मास्तरांची गाडी तिच्या शेजारी चढावर लटकलेली. अशा वेळी हँडब्रेक ओढायचा असतो; ते स्वतः हेच शिकवतात. पण ते खिडकीतून अर्धे बाहेर आले होते, तिची समजूत काढत होते, आणि गाडी मागे जाऊ नये म्हणून क्लचवर तोलून धरली होती.

"अगं, असं काय करतेस? बाळाचा तरी विचार कर."

"करतेय. तू कर."

"मी रोज येतो. सगळी कामं टाकून येतो."

"तू येतोस. चालत येत नाहीस."

मला जळल्याचा वास आला. पहिल्यांदा वाटलं, घरी दूध गॅसवर राहिलं. मी ते बोलूनही दाखवलं. मग पुढच्या बाजूने धूर दिसला. लेकीने कमरेवर हात ठेवले, खिडकीशी वाकली आणि मास्तर विद्यार्थ्यांशी बोलतात त्याच थंड, समंजस आवाजात म्हणाली, "हं. आता पाय क्लचवरून काढा."

तोवर क्लच राहिलाच नव्हता. इंजिन ओरडत होतं आणि गाडी, एखाद्या रुसलेल्या म्हशीसारखी, जागची हलेना. मास्तरांनी हँडब्रेक ओढला, उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "मी," ते म्हणाले. "मी क्लच जाळला."

लेकीने मुद्दाम केलं का, असं मी नंतर विचारलं. ती अजूनही म्हणते, मला दम लागला होता.

गाडी तिथेच सोडून आम्ही पायी निघालो. पुढे लेक, मधे मास्तर, मागे घडीची खुर्ची घेऊन मी. टाकी यायच्या आतच मास्तरांची चाल मोडली. शर्ट पाठीला चिकटला. टाकीपाशी ते फुटपाथच्या कडेला बसले आणि बोलता येत नसल्याने नुसता हात वर केला, जसे शिकाऊ लोक घाबरले की करतात. लेक आधी हसली. मग हसायची थांबली. त्यांचा चेहरा चांगलाच लाल झाला होता आणि श्वास शिटीसारखा येत होता. ती पोट सांभाळत त्यांच्यासमोर उभी राहिली. मी खुर्ची उघडून दिली. तिच्यात ती नाही, मास्तर बसले.

"एवढंसं अंतर आहे," ती म्हणाली.

"हं."

"बाळ रांगायला लागलं की त्याच्यामागे कोण धावणार? पाटी लावून गाडी काढशील?"

मास्तरांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "मला चालता येत नाही गं. लाज वाटते. शिकाऊ पोरं बघतात. म्हणून गाडी काढली."

एवढी वर्षं लोकांच्या शेजारी बसून "घाबरू नका" म्हणणारा माणूस. मी नॅपकिन शोधायला लागले. लेकीने त्यांच्यापुढे हात केला. "घाई नाही," ती म्हणाली. "उठा. समोर बघा, पायांकडे नको. श्वास सोडा. हं, आता हळूच."

"हो, बाई," मास्तर म्हणाले आणि उठले.

गॅरेजवाल्याने क्लच प्लेट बघून विचारलं, "कुठल्या गाढव विद्यार्थ्याने केलं हे?" मास्तर म्हणाले, "नवीन आहे. शिकतोय." सुटा भाग यायचा होता, म्हणून गाडी गॅरेजमध्येच राहिली. दिवसाचे वर्ग त्यांनी ओळखीच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन चालवले. संध्याकाळी ती परत करावी लागे. म्हणजे संध्याकाळी दोघांकडे पायच होते.

पहिले दिवस बघवत नव्हते. मास्तर प्रत्येक बाकाकडे ओळखीचा माणूस दिसल्यासारखे वळायचे. लेक एक बाक सोडून एक द्यायची. तिला स्वतःला दम लागला असला तरी त्यांना दाखवायची नाही, कारण ती मास्तरीण. आणि त्यांना ती दमलेली कळायची, पण ते सांगायचे नाहीत, कारण मग थांबायला निमित्त शोधतो असं ती म्हणेल. अशा रीतीने दोघं एकमेकांच्या धाकाने चालत होती. मी दहा पावलं मागे, पाणी आणि छत्री घेऊन. "डावीकडे खड्डा आहे," मी म्हणायचे. "सायकल येतेय." एकदा दोघं एकदम थांबली आणि लेक मागे न बघता म्हणाली, "आई, मागच्या सीटवरून सूचना नकोत." दुसऱ्या दिवसापासून मी गॅलरीतून बघायला लागले. गॅलरीतून कोपऱ्यापर्यंतच दिसतं. त्यापुढचं मला कल्पनेने बघावं लागे, आणि माझी कल्पना पायांपेक्षा जास्त चालते.

मग एक दिवस दुकानातून येऊन लेक पडली आणि म्हणाली, "आज नको." मी श्वास रोखला. आता मास्तर म्हणणार, मीही तेच म्हणणार होतो. मास्तर दारात उभे होते. "मी बूट घातलेत," ते म्हणाले. "लेस बांधायला वाकलो होतो, ते फुकट घालवू नकोस." ती हसत उठली. त्याच्या दोन दिवसांनी ते सोफ्यात रुतले होते आणि ती बूट घालून त्यांच्यासमोर उभी होती. वाकता येत नसल्याने तिची लेस मोकळीच होती. लेस बांधायला तरी त्यांना उठावं लागलं, आणि उठलंच आहे म्हणून मग गेले.

तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी आली. गॅरेजवाल्याने धुऊन पाठवली होती. संध्याकाळी दोघं खाली उतरली तेव्हा ती दारातच उभी होती, नव्या क्लचची, पाटी चमकवत. मी गॅलरीचा कठडा धरून उभी. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली आणि दार उघडलं. लेक जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा मला वरून दिसत नव्हता, नुसता भांग दिसत होता, पण तो भांगसुद्धा ताठ झाला होता. मास्तर आत वाकले, डॅशबोर्डवरची टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि दार लावलं.

"ऊन आहे," ते म्हणाले. "चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गेलो. हे बाहेर बसले. मी आत, कारण मला बाहेर बसवत नाही. डॉक्टरबाईंनी रिपोर्टवर बोट फिरवलं आणि मी त्यांच्या बोटावरच डोळे लावले.

"उतरली," त्या म्हणाल्या. "सुईची सध्या गरज नाही. असंच चालू ठेवा."

लेकीने डोळे मिटले. मास्तरांनी तिचा हात धरला होता की तिने त्यांचा, ते कळेना.

"आता किती चालता?" बाईंनी विचारलं. "मीटरवर."

"मीटर नाही बघत," मास्तर म्हणाले. "हिचं बोलणं संपेपर्यंत."

"मग खूपच होत असेल."

"होतं," मास्तर म्हणाले, आणि लेकीने त्यांच्या पायावर पाय दिला. उजव्याच.

बाहेर आल्यावर दोघं म्हणाली, आम्ही चालत येतो. मास्तरांनी किल्ली ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी चष्मा पुसून घातला आणि स्टिअरिंगवर बसले. मागची सीट मोकळी होती, पण मी पुढचं दार उघडलं. मास्तरांच्या जागेवर बसले. पायाखाली दोन पेडल लागले. उजवा पाय आपोआप त्यातल्या ब्रेकवर गेला, आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या काळजीला टेकायला जागा मिळाली.

ती दोघं फुटपाथवर पुढे निघाली होती. लेकीने फुटपाथची कड चढताना पाय उचलला आणि मी दाबला. ह्यांची गाडी धक्का खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली. समोरून सायकल आली, मी दाबला. मास्तर एका बाकाकडे वळायला लागले, लेकीने त्यांची बाही ओढली, मी दाबला. मागून हॉर्न वाजायला लागले.

"अगं," हे म्हणाले, "ती चालतायत. आता आपली गाडी चालू दे. पाय काढ."

मी फुटपाथवरच्या दोघांकडे पाहिलं. बाकाचं त्यांचं भांडण अजून चाललं होतं. लेक म्हणत होती पुढचा, मास्तर म्हणत होते हाच, आणि भांडता भांडता दोघंही तो बाक मागे टाकून गेली होती. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी पाय काढला. गाडी त्यांच्या शेजारून पुढे गेली. मी खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली, पण तेवढ्यात ती दोघं मागे राहिली होती.